भुलीनंतरचा श्वास

शस्त्रक्रियेसाठी दिलेल्या गुंगीच्या आणि वेदनाशामक औषधांचा अंमल टाके घालून झाल्यावर लगेच उतरत नाही. तो पुढे काही तास राहतो, आणि त्या अंमलाखाली श्वास कधी इतका उथळ आणि विरळ होतो की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जाऊन प्राणवायू घटू लागतो. वैद्यकाच्या परिभाषेत या अवस्थेला श्वसनावसाद म्हणतात. मेंदूच्या तळाशी, मज्जारज्जूला लागून असलेल्या लंबमज्जा या भागातून श्वासाचा ताल ठरतो आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की हा ताल एरवी आपोआप जलद होतो. परंतु अफू, मॉर्फिन आणि त्यांच्या जातीची औषधे ही जाणीवच बोथट करतात, त्यामुळे माणूस गुदमरत असूनही त्याला गुदमरल्यासारखे वाटत नाही. बुडणारा माणूस धडपडतो, दम्याचा रोगी उठून बसतो, मात्र मॉर्फिनने मंदावलेला रोगी शांत निजलेला दिसतो. या अवस्थेवरील उपचाराच्या इतिहासातील बहुतेक चुका आणि बहुतेक शोध या एका फसव्या शांततेभोवती घडलेले आहेत.

कल्याणच्या पुढे कर्जतच्या दिशेने जाणाऱ्या लोहमार्गावर वसलेल्या उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन नगरांचा पट्टा, आणि अंबरनाथच्या पूर्वेस आनंदनगर येथे उभी राहिलेली अतिरिक्त औद्योगिक वसाहत, यांचा या इतिहासाशी असलेला संबंध वरवर पाहता जाणवत नाही. येथे कोणतेही औषध प्रथम शोधले गेले नाही. पण औषध शोधले जाणे आणि ते देऊन झाल्यावर रुग्णाजवळ थांबणारा जाणता माणूस उपलब्ध होणे या दोन घटनांमध्ये किती अंतर पडते हे पाहावयाचे असेल, तर मुंबईपासून साठ-सत्तर किलोमीटरवरचा, मोठ्या रुग्णालयांच्या पुरेसा जवळ आणि तरीही रात्रीच्या वेळी पुरेसा दूर असलेला हा कामगारांचा आणि निर्वासितांचा पट्टा त्यासाठी योग्य जागा आहे.

मुंबई इलाख्यातील या कथेचा आरंभ शस्त्रक्रियागृहात होत नाही, तर अफूच्या पेटाऱ्यांपाशी होतो. माळव्यात पिकणारी अफू मुंबई बंदरातून चीनकडे जात असे, आणि १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकल्यावर कराचीचा आडमार्ग बंद झाल्याने तर हा व्यापार मुंबईत अधिकच एकवटला. चीनच्या व्यापारात ज्यांनी अमाप संपत्ती मिळवली त्यांपैकी सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून मुंबईचे जे. जे. रुग्णालय उभे राहिले आणि १८४५ मध्ये त्याला जोडून ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. ज्या द्रव्याच्या व्यापाराने ही वास्तू उभारण्यास हातभार लावला, त्याच द्रव्याने श्वास कोंडलेली माणसे पुढे त्या शहरातील रुग्णालयांत आणली जात राहिली. हा योगायोग कोणी मुद्दाम जुळवून आणलेला नाही, पण इतिहास लिहिताना तो दृष्टिआड करणेही योग्य नाही.

अफूच्या विषबाधेवर त्या काळी जो उपचार होत असे त्याचे सूत्र एकच होते: रोग्याला झोपू द्यावयाचे नाही. त्याला दोघांनी दंडाला धरून फिरवीत ठेवावे, तोंडावर गार पाण्याचे हबके मारावेत, कडक कॉफी पाजावी, पोट धुऊन काढावे, विजेचे हलके झटके द्यावेत, आणि बेलाडोनाच्या अर्काने, म्हणजे धोतऱ्याच्या कुळातील एका वनस्पतीच्या सत्त्वाने, अफूचा उतारा होतो या समजुतीने तेही टोचावे, असे उपाय एकोणिसाव्या शतकातील ग्रंथांत सांगितलेले आढळतात. भारतात विषप्रयोगांमध्ये अफूचे स्थान फार वरचे होते, आणि म्हणूनच ग्रँट मेडिकल कॉलेजात न्यायवैद्यक शिकविणारे व मुंबई सरकारचे रासायनिक विश्लेषक असलेले डॉ. आय. बी. लायन यांच्यासारख्यांनी १८८० च्या दशकाच्या अखेरीस भारतासाठी स्वतंत्र न्यायवैद्यक ग्रंथ लिहिला तेव्हा अशा विषांना त्यात मोठी जागा मिळणे स्वाभाविक होते. कोणत्याही मार्गाने रोग्याला जागे ठेवले की तो श्वास घेत राहतो, हे निरीक्षण चुकीचे नव्हते. आजही मॉर्फिनखाली असलेल्या रुग्णाला हाक मारली की तो दीर्घ श्वास घेतो, आणि हाक थांबली की पुन्हा विसरतो. मात्र थकलेल्या, बेशुद्ध होत चाललेल्या माणसाला रात्रभर चालविण्यात त्याची उरलीसुरली शक्तीही खर्च होई, आणि त्याच्या फुप्फुसांत हवा भरण्याचे काम कोणी हाती घेत नसे.

हीच अफू गिरणगावात दुसऱ्या वाटेने शिरली. बाळागोळी या नावाने विकली जाणारी अफूमिश्रित गोळी गिरणीत पाळीवर जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलांना देत, जेणेकरून आई परत येईपर्यंत मूल निजून राहील. १९२० च्या दशकात मुंबईतील कामगार स्त्रियांच्या स्थितीची जी पाहणी झाली तिने या प्रथेकडे सरकारचे लक्ष वेधले. तान्ह्या मुलाचा श्वास अफूच्या बाबतीत प्रौढापेक्षा फार नाजूक असतो, आणि म्हणून मूल शांत झोपले आहे आणि मुलाचा श्वास मंदावला आहे यांतला फरक ओळखणे हे काम त्या आयांवर, शेजारणींवर आणि थोरल्या भावंडांवर येऊन पडले होते. त्या बायांना दोष देऊन हा प्रश्न संपत नाही, कारण बारा-बारा तासांच्या पाळीत मूल सांभाळण्याची दुसरी सोय त्यांना कोणी करून दिली नव्हती.

शस्त्रक्रियेतील भुलीचा भारतातील इतिहास मात्र कोलकात्यात सुरू होतो. तेथे २२ मार्च १८४७ रोजी ईथर आणि १२ जानेवारी १८४८ रोजी क्लोरोफॉर्म प्रथम वापरले गेल्याची नोंद आहे, आणि त्याच १८४८ च्या २८ जानेवारीस इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर या पंधरा वर्षांच्या मुलीचा पायाचे नख काढताना क्लोरोफॉर्मखाली मृत्यू झाल्याने हे नवे द्रव्य माणसाला ठार कसे करते हा वाद उपस्थित झाला. मृत्यू हृदय बंद पडल्याने येतो की श्वास बंद पडल्याने, हा या वादातला मुख्य प्रश्न होता, आणि त्याचे सर्वांत आग्रही उत्तर लंडनहून नव्हे तर निजामाच्या हैदराबादेहून आले. आजचा मराठवाडा तेव्हा याच राज्यात मोडत होता. तेथील रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी हे एडिंबरोच्या जेम्स साइम यांच्या परंपरेत वाढलेले होते, आणि नाडीवर बोट ठेवून बसू नका, फक्त श्वासाकडे पाहा, ही त्या परंपरेची शिकवण ते विद्यार्थ्यांकडून कटाक्षाने पाळून घेत. आपले म्हणणे सिद्ध करण्यासाठी त्यांनी १८८८ मध्ये प्राण्यांवर प्रयोग करविले (हाच पहिला क्लोरोफॉर्म आयोग), आणि लंडनच्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने त्यांच्या निष्कर्षाविषयी शंका घेतल्यावर निजाम महबूब अली खान यांनी एक हजार पौंड देऊ करून लंडनहून तज्ज्ञ बोलाविण्याची सोय केली. त्यानुसार औषधशास्त्रज्ञ लॉडर ब्रंटन १८८९ मध्ये हैदराबादला आले आणि दुसऱ्या क्लोरोफॉर्म आयोगाचे काम झाले. श्वास नेहमी हृदयाच्या आधी थांबतो, हा निष्कर्ष या आयोगानेही कायम ठेवला.

हा निष्कर्ष अपुरा होता. ए. जी. लेव्ही यांनी १९११ मध्ये दाखवून दिले की अर्धवट भूल असताना क्लोरोफॉर्म हृदयाच्या कप्प्यांची लय बिघडवून अचानक मृत्यू घडवू शकते, आणि तेव्हा श्वास चालू असतो. सिद्धांत म्हणून हैदराबाद आयोग त्यामुळे मागे पडला. तरीही कार्यपद्धती म्हणून त्याने जे शिकविले ते भारतातील भूलशास्त्राच्या दृष्टीने अधिक टिकाऊ ठरले असे म्हणावे लागते. भूल देणाऱ्याने शस्त्रक्रियेकडे पाहू नये, छातीच्या व पोटाच्या हालचालीवरून नजर हटवू नये, श्वासाचा आवाज बदलला की हनुवटी पुढे ओढून जीभ घशावरून दूर करावी आणि भुलीचा रुमाल बाजूला घ्यावा, ही शिस्त लॉरी यांच्या रुग्णालयात रुजली. याच शाळेत रूपाबाई फर्दूनजी या पारशी विदुषी तयार झाल्या. वैद्यकाचे शिक्षण पुरे करून त्यांनी भूल देणे हेच आपले कार्य मानले, आणि जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांमध्ये त्यांची गणना होते. श्वासाकडे पाहत राहणे हे दुय्यम, कोणालाही सांगता येण्याजोगे काम नसून एक विद्या आहे, ही गोष्ट मुंबईच्या अनेक रुग्णालयांच्या आधी हैदराबादेत मान्य झाली होती.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रातील जिल्हा आणि तालुका पातळीवरच्या शस्त्रक्रिया प्रामुख्याने ईथरवर होत. तारेच्या जाळीवर गॉझच्या घड्या घालून त्यावर ईथरचे थेंब सोडण्याची ही पद्धत ओबडधोबड होती. वास उग्र, भूल चढण्यास वेळ लागे, शुद्धीवर येताना ओकाऱ्या होत. पण ईथरचा एक गुण असा होता की त्याखाली रोग्याचा श्वास बराच वेळ स्वतःच्या बळावर चालू राही, आणि भूल फार खोल गेल्याशिवाय तो मंदावत नसे. जी औषधे पुढे आली ती रोग्याला सुखकर आणि सर्जनला सोयीची होती, परंतु त्यांतली बहुतेक श्वासाच्या बाबतीत अधिक कठोर होती. १९३४ पासून थायोपेंटोन हे शिरेत टोचून क्षणात झोप आणणारे औषध वापरात आले, १९३९ च्या सुमारास जर्मनीत पेथिडीन हे मॉर्फिनच्या जातीचे कृत्रिम वेदनाशामक तयार झाले, १९४२ मध्ये कॅनडात हॅरल्ड ग्रिफिथ यांनी स्नायू शिथिल करणारे क्युरारे शस्त्रक्रियेत वापरले, १९५६ मध्ये हॅलोथेन आले आणि १९६० मध्ये पॉल यान्सेन यांनी फेंटानिल तयार केले. वीस-पंचवीस वर्षांत भुलीचे स्वरूप असे पालटले की रोग्याचा श्वास चालू ठेवणे हे औषधाचे काम न राहता भूल देणाऱ्या माणसाचे काम झाले. ज्या रुग्णालयात असा माणूस होता तेथे शस्त्रक्रिया पूर्वीपेक्षा कितीतरी सुरक्षित झाली; जेथे फक्त औषध पोहोचले तेथे ती तशी झाली असे म्हणता येत नाही.

याच काळात कल्याणजवळच्या माळरानावर दुसऱ्या महायुद्धासाठी लष्करी छावणी उभारली गेली. बराकींच्या रांगांचा हा कल्याण कॅम्प फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांचे घर झाला आणि १९४९ मध्ये गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून त्याचे उल्हासनगर झाले; तेथील वस्त्या आजही कॅम्प नंबरानेच ओळखल्या जातात. ज्या युद्धासाठी ही छावणी झाली त्याच युद्धाने मॉर्फिनच्या वापराविषयी एक महत्त्वाचा धडा शिकविला. जखमी सैनिकाला रणांगणावरच मॉर्फिन टोचत. पण रक्तस्रावाने आणि गारठ्याने त्याच्या कातडीतले रक्ताभिसरण जवळजवळ थांबलेले असे, त्यामुळे औषध टोचलेल्या जागीच पडून राही, वेदना थांबत नाहीत म्हणून पुढच्या ठाण्यावर दुसरी आणि तिसरी मात्रा दिली जाई, आणि नंतर ऊब मिळून, रक्त चढवून अभिसरण सुधारले की सगळ्या मात्रा एकदम रक्तात उतरून श्वास बंद पाडीत. अमेरिकी भूलतज्ज्ञ हेन्री बीचर यांनी १९४४ मध्ये या विलंबित विषबाधेचे वर्णन केले. मॉर्फिन दिलेल्या सैनिकाच्या कपाळावर इंग्रजी एम हे अक्षर लिहिण्याची पद्धत याच अडचणीतून आलेली होती. शस्त्रक्रियेनंतरच्या खोलीत थंडीने कुडकुडणाऱ्या रुग्णाला स्नायूत वेदनाशामक देऊन लगेच दुसरी मात्रा देऊ नये, हा नियम त्या अनुभवाचा नागरी अवतार आहे.

भारतात मात्र स्वातंत्र्यानंतरची पंचवीस-तीस वर्षे या बाबतीत एका वेगळ्याच औषधाचे राज्य होते, आणि ते औषध म्हणजे कोरामिन. निकेथामाइड या रसायनाचे हे व्यापारी नाव. स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने ते १९२० च्या दशकात बाजारात आणले. मेंदूतील श्वसनकेंद्राला चेतविणारे औषध अशी त्याची शास्त्रीय ओळख होती, पण मराठी घरांत ते हृदयाचे इंजेक्शन म्हणून ओळखले गेले आणि डॉक्टरांच्या बॅगेतले शेवटचे अस्त्र मानले गेले. डबघाईला आलेल्या साखर कारखान्याला सरकारने कोरामिन दिले, असे वर्तमानपत्री वाक्य मराठी वाचकाला आजही समजते, जरी ते औषध त्याने कधी पाहिलेले नसले तरी. एखाद्या औषधाने भाषेत इतकी खोल मुळे धरावीत याचा अर्थच असा की मरणासन्न माणसाच्या उशाशी ते वारंवार दिसले होते. वस्तुतः कोरामिनचा परिणाम काही मिनिटे टिकतो, श्वास चेतविणारी मात्रा आणि झटके आणणारी मात्रा यांतले अंतर फार कमी असते, आणि चेतना ओसरल्यावर मेंदू पूर्वीपेक्षा अधिक मंदावू शकतो. अफूच्या रोग्याला फटके मारून चालविण्याचाच हा रासायनिक प्रकार होता. तरीही ते दिले जाई, कारण काहीतरी केल्याचे समाधान त्यात होते आणि दुसरे काही करण्यासाठी लागणारी साधने, म्हणजे घशात घालावयाची नळी, हवा भरण्याची पिशवी आणि ती तासन्तास दाबणारा हात, बहुतेक ठिकाणी नव्हती. त्या काळच्या डॉक्टरांना आज नावे ठेवणे अन्यायाचे ठरेल.

कोरामिनची सद्दी शास्त्राच्या पातळीवर संपविली ती डेन्मार्कने. कोपनहेगनमधील कार्ल क्लेमेसेन यांनी १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात झोपेच्या गोळ्यांनी बेशुद्ध झालेल्या रोग्यांसाठी वेगळा विभाग सुरू केला आणि तेथे चेतक औषधे देणे पूर्णपणे बंद केले. एरिक नील्सन यांच्यासह त्यांनी घालून दिलेली पद्धत अशी होती की श्वासमार्ग मोकळा ठेवावा, गरज पडल्यास नळी घालून हाताने श्वास द्यावा, रक्तदाब सांभाळावा, कूस बदलत राहावी आणि शरीराने औषध बाहेर टाकेपर्यंत वाट पाहावी. पूर्वी अशा रोग्यांपैकी सुमारे वीस टक्के दगावत. हे प्रमाण एक-दोन टक्क्यांवर आले. त्याच शहरात १९५२ च्या पोलिओच्या साथीत ब्यॉर्न इब्सेन यांच्या सूचनेवरून वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, हाताने रबरी पिशव्या दाबून शेकडो रोग्यांचे श्वास आठवडेच्या आठवडे चालू ठेवले, आणि पुढे १९५६ मध्ये दाबल्यावर आपोआप फुगणारी अंबू पिशवी तेथूनच बाजारात आली. ही पिशवी आज उल्हासनगरच्या कोणत्याही शस्त्रक्रियागृहात भिंतीवर टांगलेली दिसते. उपचाराची दिशा येथे मूलतः बदलली: मंदावलेल्या मेंदूला डिवचण्याऐवजी त्याचे काम तेवढ्यापुरते दुसऱ्याने उचलायचे, असा हा विचार होता.

उताऱ्याचा शोध या वाटेला समांतर चालला होता. १९४० च्या दशकात तयार झालेले नॅलॉर्फिन हे मॉर्फिनचा अंमल उतरवू शके, परंतु ते स्वतःही थोडे मॉर्फिनसारखे वागे. श्वास जर अफूऐवजी झोपेच्या औषधाने मंदावला असेल तर नॅलॉर्फिन दिल्याने तो आणखी मंदावे, आणि शुद्धीत असलेल्या माणसाला त्याने भीतिदायक भास होत. मोझेस लेवेनस्टाइन आणि जॅक फिशमन यांनी न्यूयॉर्कमध्ये १९६० च्या सुमारास तयार केलेल्या नॅलॉक्सोनमध्ये हे दोष नव्हते, आणि अमेरिकेत १९७१ मध्ये त्याला मान्यता मिळाली. दोनच वर्षांनी मेंदूतील अफूग्राहींचे अस्तित्व प्रयोगाने सिद्ध झाले. तेव्हा कळले की पेशीच्या पृष्ठभागावरील ज्या खोबणीत मॉर्फिन बसते तेथून त्याला हुसकावून नॅलॉक्सोन ती जागा अडविते, पण स्वतः कोणताही परिणाम घडवीत नाही. ०.४ मिलिग्रॅमचे अँपूल सलाइन मिसळून १० मिलिलिटर करावे आणि दर दोन-तीन मिनिटांनी एकेक मिलिलिटर देत श्वास पाहावा, ही शस्त्रक्रियेनंतरची रीत अनुभवातून ठरत गेली, कारण पूर्ण अँपूल एकदम दिल्यास श्वासाबरोबर वेदनाही पूर्ण बळाने परत येतात, रक्तदाब उसळतो आणि क्वचित फुप्फुसांत पाणी भरते.

या औषधाची खरी मर्यादा काळाची आहे. शिरेतून दिलेल्या नॅलॉक्सोनचा परिणाम साधारण अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि मॉर्फिनचा अंमल तीन-चार तास किंवा त्याहून अधिक राहतो. त्यामुळे रोगी जागा झाला, नातेवाइकांशी बोलला, वॉर्डात हलविला गेला, आणि तासाभराने पुन्हा त्याच गुंगीत बुडाला असे घडू शकते. पहिल्या उपचाराच्या यशानेच सर्वांचे लक्ष दुसरीकडे गेलेले असते, म्हणून हा दुसरा घाला पहिल्यापेक्षा घातक ठरतो.

आनंदनगरच्या पट्ट्यात हे सारे कसे पोहोचले हे समजण्यासाठी तेथील वस्तीची घडण ध्यानात घ्यावी लागते. कल्याणहून खोपोलीकडे जाणारा रेल्वेमार्ग १८५६ मध्ये सुरू झाला तेव्हा अंबरनाथ हे इ. स. १०६० च्या शिलाहारकालीन शिवमंदिरासाठी ओळखले जाणारे गाव होते. विसाव्या शतकात तेथे आगपेट्यांचा कारखाना, स्वातंत्र्यानंतर आयुधनिर्माणी, आणि १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यावर औद्योगिक वसाहती आल्या. आनंदनगरच्या वसाहतीत रसायनांचे आणि औषधद्रव्यांचेही कारखाने आहेत. यंत्रात सापडलेली बोटे, भाजलेली कातडी, मोडलेली हाडे, आणि वाढत्या वस्तीतील बाळंतपणे, यांमुळे शस्त्रक्रियांची गरज सतत वाढत गेली. राज्य शासनाचे उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय, कामगार विम्याची व्यवस्था, अंबरनाथचे छाया रुग्णालय आणि गल्लोगल्ली निघालेली दहा-पंधरा खाटांची नर्सिंग होम यांनी ही गरज भागविली. भूलतज्ज्ञांची राष्ट्रीय संघटना १९४७ मध्ये स्थापन झाली होती आणि मुंबईतील महाविद्यालयांतून पदविकाधारक भूलतज्ज्ञ बाहेर पडू लागले होते. पण छोट्या रुग्णालयाला पूर्णवेळ भूलतज्ज्ञ परवडत नसल्याने एकच भूलतज्ज्ञ दिवसातून चार-पाच ठिकाणी, स्कूटरच्या डिकीत आपली नळ्यांची आणि औषधांची पेटी घेऊन फिरणारा, अशी व्यवस्था महाराष्ट्रातल्या सर्वच उपनगरांत रूढ झाली. अशा व्यवस्थेत शस्त्रक्रिया चालू असेपर्यंत श्वासाचा राखणदार जाग्यावर असतो आणि ती संपल्यावर, म्हणजे नेमक्या धोक्याच्या तासांत, तो पुढच्या रुग्णालयाकडे निघालेला असतो.

या भूलतज्ज्ञांनी आपल्या परिस्थितीला ओळखून जी औषधे निवडली त्यांत मोठे शहाणपण होते. पाठीच्या मणक्यातून दिलेली भूल, जिच्यात रोगी शुद्धीवर राहतो, आणि केटामिन, ज्याच्या योग्य मात्रेत श्वास बहुधा टिकून राहतो, या दोहोंवर त्यांनी भिस्त ठेवली. त्यात १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याची भर पडली. गैरवापर रोखण्यासाठी झालेल्या या कायद्याने परवान्यांचे आणि नोंदवह्यांचे असे जाळे विणले की देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर पुढील बारा वर्षांत सुमारे सत्त्याण्णव टक्क्यांनी घटला; ज्या देशात कायदेशीर अफू पिकते त्या देशातील कर्करोगाचे रुग्ण तिच्या सत्त्वावाचून तळमळत राहिले, ही या कायद्याची अत्यंत दुःखद बाजू आहे. छोट्या रुग्णालयांत मॉर्फिनची जागा पेंटाझोसिनने घेतली. फोर्टविन या नावाने घरोघर परिचित झालेले हे इंजेक्शन सौम्य समजले जाई, आणि त्याच्यासोबत फिनर्गन किंवा कंपोज ही गुंगीची औषधे सर्रास दिली जात. एकेकटे औषध ज्या मात्रेत निर्धोक असते त्याच मात्रेत दोन-तीन औषधे मिळून श्वास मंदावू शकतात, आणि त्यांतील पेंटाझोसिनचा वाटा जुन्या नॅलॉर्फिनने उतरतही नाही, त्याला नॅलॉक्सोनच लागते, ही गोष्ट सौम्यपणाच्या या लौकिकाखाली झाकली गेली. १९८५ चा कायदा २०१४ मध्ये दुरुस्त होऊन मॉर्फिन, फेंटानिल इत्यादींना अत्यावश्यक मादक औषधांचा दर्जा मिळाला, आणि त्यांच्या वापराची वाट पुन्हा काहीशी मोकळी झाली. तिच्याबरोबर जुना धोकाही परतला.

मधल्या काळात एका जपानी अभियंत्याच्या शोधाने रुग्णाजवळच्या पहाऱ्याचे रूप बदलले होते. ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या तत्त्वावर बनलेला पल्स ऑक्सिमीटर बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश पाठवून रक्तातील प्राणवायूचे प्रमाण सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ च्या शस्त्रक्रिया-सुरक्षा तपासणीसूचीत त्याला स्थान दिले, आणि कोरोनाच्या साथीत तो बदलापूरच्या चाळींपर्यंत गेला. त्याचा उपकार फार मोठा आहे, तथापि श्वसनावसादाच्या बाबतीत तो एका प्रसंगी उशिरा बोलतो. रुग्णाला मुखवट्यातून प्राणवायू चालू असेल तर श्वास मिनिटाला सहा-सातवर आला तरी रक्तातील प्राणवायू बराच वेळ पुरेसा राहतो, पडद्यावर अठ्ठ्याण्णव हा आकडा दिसत राहतो, आणि त्याआड कार्बन डायऑक्साइड साठून रुग्ण अधिकाधिक गुंगीत जातो. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणारे कॅप्नोग्राफ हे यंत्र ही उणीव भरून काढते, परंतु ते बहुतांशी शस्त्रक्रियागृहातच राहते, वॉर्डात येत नाही. म्हणून वाढती गुंगी हीच श्वास मंदावण्याची पहिली खूण मानावी, हाकेला ओ मिळते की नाही हे पाहावे, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आहेत का हे तपासावे आणि श्वास मिनिटभर मोजावा, ही लॉरींच्या काळाला शोभणारी शिस्त आजच्या मार्गदर्शक सूत्रांतही कायम आहे.

१९७९ पासून मणक्यातील भुलीच्या औषधात मॉर्फिनचा अत्यल्प अंश मिसळण्याची रीत जगभर पसरली, आणि सिझेरियननंतरच्या मातांना तिने दिवसभराचा वेदनामुक्त आराम दिला. परंतु पाठीच्या पाण्यात सोडलेले हे मॉर्फिन हळूहळू वर सरकत लंबमज्जेपर्यंत जाते, आणि त्याचा श्वासावरील परिणाम सहा ते बारा तासांनी, कधी त्याहून उशिरा दिसतो. म्हणून पहिले बारा तास दर तासाला आणि पुढचे बारा तास दर दोन तासांनी श्वास व गुंगी यांची नोंद करावी असा दंडक आहे. दुपारी झालेल्या शस्त्रक्रियेचा धोक्याचा काळ अशा रीतीने मध्यरात्रीनंतर येतो, जेव्हा शेवटची लोकल गेलेली असते आणि वॉर्डात बहुधा एकच परिचारिका असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये अंबरनाथच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले, आणि वैद्यकाचे शिक्षण प्रथमच या पट्ट्यात आले. तेथे शिकणाऱ्यांच्या हाती जी निरीक्षणपत्रिका पडेल तिच्यात नाडी आणि रक्तदाब यांचे आकडे यंत्र देते. श्वासाच्या रकान्यात मात्र सवयीने अठरा किंवा वीस लिहिले जाण्याचा मोह जुना आहे, आणि रात्री दोन वाजताचा खरा आकडा लिहावयाचा तर कोणाला तरी पूर्ण एक मिनिट, घड्याळ हातात धरून, निजलेल्या रुग्णाच्या छातीकडे पाहत उभे राहावे लागते.